दप्तर आणि मिक्स : खान्देशच्या आवाजाची गोष्ट

आजचा विषय ऑडिओ मिक्सिंगचा आहे, पण आपण संगणकाच्या पडद्यापासून सुरुवात करणार नाही. धुळ्यापासून करू.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यानंतर लगेच, १९२७ साली, तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी आयुष्यभर काय केलं? गावोगाव हिंडून वाड्यांतली, माळ्यांवरची, देवघरांतली दप्तरं गोळा केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला आणि पुढे असे बावीस खंड झाले. त्यांचा आग्रह असा की मूळ कागद जसा आहे तसा छापायचा, आणि आपल्याला जे म्हणायचंय ते प्रस्तावनेत, वेगळं म्हणायचं. कागद आणि त्यावरचं मत यांची सरमिसळ करायची नाही. त्यांच्या प्रस्तावनांशी पुढच्या लोकांनी कितीही वाद घातले तरी वाद घालायला कागद शिल्लक होता.

ही गोष्ट मिक्सिंगच्या व्याख्यानात कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर प्रत्येक माईकचा, प्रत्येक वाद्याचा जो सुटा ध्वनी आपण नोंदतो, ज्याला ट्रॅक म्हणतात, ते आपलं दप्तर. आणि ते सगळे ट्रॅक कमी-जास्त करून, पुढे-मागे ठेवून जे एक गाणं किंवा एक कार्यक्रम तयार होतो, तो मिक्स. मिक्स ही संपादित आवृत्ती असते. तिच्यात कुणाचं तरी मत आलेलं असतं : कोण पुढे, कोण मागे, कुणाचा शब्द कळला पाहिजे, कुणाचा नाही कळला तरी चालेल. खान्देशात कागदांची दप्तरं सांभाळली गेली. आवाजाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे बहुतेक आवृत्त्याच उरल्या. हे कसं झालं ते आज बघू. बघता बघता मिक्सिंगचे मूलभूत नियमही येतील, ते वेगळे शिकवायची गरज पडणार नाही.

माईक नव्हता तेव्हाही मिक्सिंग होतं. तमाशाच्या फडात गाणारीच्या मागे तुणतुणं आणि झांज घेऊन झीलकरी उभे राहतात, ढोलकीवाला बाजूला किंवा पुढे असतो. ही मांडणी सहज झालेली नाही. तुणतुण्याचा सूर सतत लागतो, तो मागून आला तरी पुरतो. ढोलकीचा बोल पायांशी जुळायला हवा, म्हणून ती नाचणारीच्या नजरेत हवी. झीलकरी गाणारीची ओळ उचलतात तेव्हा तिला श्वास घ्यायला सवड मिळते, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला ओळ पुन्हा ऐकू येते. उघड्यावर, समोर हजार-दोन हजार माणूस, आणि आवाज पोचवायचा तो नुसत्या गळ्यानं. भौतिकशास्त्राचा नियम असा की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनं उतरते. म्हणजे पाच मीटरवर जे ऐकू येतं ते दहा मीटरवर ६ डेसिबल कमी, वीस मीटरवर १२ कमी. जुन्या फडांना हा आकडा ठाऊक नव्हता, पण कुणाला कुठे उभं करायचं ते पक्कं ठाऊक होतं.

१९०२ साली कोलकत्यात गौहर जानची रेकॉर्ड निघाली तेव्हाही माईक नव्हता. एक मोठा कर्णा, त्यात तोंड घालून गायचं, आणि साथीदार कर्ण्यापासून ज्याच्या त्याच्या जोरानुसार लांब-जवळ बसायचे. विजेवर चालणारं, माईकचं रेकॉर्डिंग १९२५ च्या सुमारास जगभर सुरू झालं. राजवाडे धुळ्यात अखेरच्या वर्षांत होते तो हाच काळ. यंत्र बदललं, तरी माईक बराच काळ एकच राहिला. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. नट कॅमेऱ्यासमोर गातायत आणि वादक चौकटीबाहेर, झाडाआड नाहीतर पडद्याआड बसून वाजवतायत, असा तो प्रकार. सगळे आवाज एकाच वेळी एकाच पट्टीवर. कुणाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा.

आता इथे खान्देशची एक नात येते. लता मंगेशकरांचं आजोळ थाळनेरचं. तापीकाठचं, शिरपूर तालुक्यातलं गाव. आजीकडून ऐकलेल्या गरब्यांची आठवण लताबाई सांगत असत. त्यांच्या 'महल' या १९४९ च्या चित्रपटातल्या गाण्याची हकिगत ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पडद्यावरची नायिका दुरून येते आहे असं वाटायला हवं होतं. संगीतकार खेमचंद प्रकाश. यंत्रात तशी सोय नाही. मग काय केलं, तर माईक खोलीच्या मध्ये ठेवला, लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात हळूहळू माईककडे चालत आल्या.

हे नीट समजून घेऊ, कारण मिक्सिंगचा अर्धा पाया या चालण्यात आहे. माणूस लांब असतो तेव्हा दोन गोष्टी होतात. एक, त्याचा आवाज कमी येतो. दुसरी जास्त महत्त्वाची. थेट आवाज कमी होतो पण भिंतींवरून परतून आलेला आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणून लांबच्या आवाजात खोली जास्त ऐकू येते. जवळ आला की थेट आवाज वरचढ होतो, शब्दांच्या कडा स्पष्ट होतात, श्वास ऐकू येतो. आज आपण सॉफ्टवेअरमध्ये एखादा आवाज मागे ढकलायला नुसता फेडर खाली ओढतो आणि तो मागे जातच नाही, फक्त बारीक होतो. कारण रिव्हर्ब, म्हणजे खोलीची घुम, तिचं प्रमाण आपण बदललेलं नसतं. नव्या मुलांना हे सांगावं लागतं : मागे पाठवायचंय ना, मग आवाज कमी करा, घुम वाढवा, आणि वरच्या पट्टीतली धार थोडी काढा. लताबाईंनी हे तिन्ही एका वेळी केलं होतं, पायांनी.

माईकसमोर श्वास कुठे घ्यायचा, तो ऐकू न येता कसा घ्यायचा, हे आपण अनिल बिस्वासांकडून शिकलो असं त्या सांगत. म्हणजे आज ज्याला आपण कॉम्प्रेशन म्हणतो, मोठे आवाज जरा दाबायचे आणि त्यामुळे बारीक आवाज वर घेता यायचे, ते काम गळ्यातच व्हायचं. गायक जोराच्या सुरावर मान किंचित मागे न्यायचा. आपल्याकडचे कीर्तनकार अजूनही नेतात, बघा कधी.

मिक्सिंग हा शब्द ज्या अर्थानं आपण वापरतो तो अर्थ पार्श्वगायनानं आणला. १९३५ साली कोलकत्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी 'भाग्यचक्र' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'धूप छाँव' केली, तेव्हा गाणं आधी नोंदून पडद्यावर ओठ हलवण्याची रीत सुरू झाली. आता संवादाची पट्टी वेगळी, गाण्याची वेगळी, पावलं-दारं-घोडे यांच्या आवाजांची वेगळी. शेवटी बसून या सगळ्यांची एक पट्टी करणारा माणूस लागला. मुंबईत परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई हे काम करत, आणि आपल्या देशात या कामाला त्यांच्याइतकी प्रतिष्ठा क्वचितच कुणी मिळवून दिली असेल. 'शोले'च्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव आहे. सत्यजित रायही त्यांच्याकडे काम करून घेत. संवाद, संगीत आणि इतर आवाज असे तीन गट वेगवेगळे ठेवायची पद्धत आहे, आणि तिचा फायदा असा की चित्रपट दुसऱ्या भाषेत न्यायचा झाला तर फक्त संवादाचा गट बदलायचा. दप्तर राखलं की असे उपयोग निघतात.

हे सगळं मुंबई-कोलकत्याचं झालं. त्या वेळी खान्देशात काय होतं?

बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, सासर जळगावचं. १८८० ते १९५१. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांनी जे रचलं ते त्यांचा मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतलं म्हणून राहिलं. आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक १९५२ साली निघालं, त्या गेल्यानंतर. म्हणजे बहिणाबाई आपल्यापर्यंत अक्षरांतून आल्या. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांचे शब्द वसंत पवारांच्या संगीतात आले आणि घराघरांत गेले. आम्हाला ती गाणी आवडतात, तक्रार नाही. पण जात्याची घरघर हा त्या ओव्यांचा पहिला साथीचा सूर होता. दगडावर दगड फिरण्याचा तो एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज, आणि हाताच्या फेऱ्याबरोबर येणारा ओळीचा हेलकावा. मिक्सिंगच्या भाषेत सांगायचं तर जातं हाच तानपुरा होता आणि ठेकाही होता. तो सुटा ट्रॅक कुणी नोंदला नाही. त्या काळी खेड्यात टेपरेकॉर्डर नव्हताच, तेव्हा दोष कुणाला द्यायचा नाही, पण काय राहून गेलं ते मोजून ठेवायला हरकत नाही.

१९७६ साली जळगावला आकाशवाणीचं केंद्र आलं. ९६३ किलोहर्ट्झ, मिडीयम वेव्ह. खान्देशच्या आवाजाच्या इतिहासात आम्ही ही तारीख सगळ्यात मोठी मानतो. कारण पहिल्यांदाच या भागातला शेतकरी, या भागातली गाणारी बाई, इथला वहीगायनाचा ताफा, हे मुंबई-पुण्याला न जाता माईकसमोर बसू शकत होते. पहिल्यांदाच काचेपलीकडे बसून त्यांची पातळी लावणारा माणूस त्यांची बोली ऐकत होता.

रेडिओचं मिक्सिंग दिसायला साधं. समोर गोल फिरणारी बटणं, त्यांना 'पॉट' म्हणत. एक निवेदकाच्या माईकचं, एक टेपचं, एक रेकॉर्ड प्लेअरचं. मध्ये व्हीयू मीटर, त्याची सुई. सुई लाल भागात फार वेळ राहिली की आवाज फाटतो, फार खाली राहिली की वाहिनीची खरखर वर येते. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे तिच्यात सगळा कार्यक्रम बसवायचा. हा पहिला नियम आजही तसाच आहे, फक्त डिजिटलमध्ये वरची हद्द जास्त कडक झाली. टेप थोडी जास्त भरली तर आवाज जरा जाडसर व्हायचा, डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलं की सरळ कापला जातो. म्हणून रेकॉर्ड करताना शिखरं शून्याच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवावीत. वर घ्यायला नंतर कधीही येतं.

दुसरा नियम निवेदनाचा. निवेदक बोलायला लागला की मागचं संगीत खाली न्यायचं, साधारण १५ ते २० डेसिबल, आणि हे नेणं ऐकणाऱ्याला जाणवू द्यायचं नाही. आज सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. जुने लोक बोटांनी करायचे, आणि निवेदकाचं तोंड उघडण्याआधी अर्धा सेकंद करायचे. काचेतून त्याच्याकडे बघत बसावं लागे.

पण मिडीयम वेव्हची खरी अडचण वेगळी होती, आणि ती खान्देशाला जास्त लागणारी होती. या लहरींवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या रेडिओवर साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचत नाही. माणसाचा कान तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे वरचा मोठा भाग वाटेतच गळतो. आता 'श' आणि 'स' ही अक्षरं बघा. 'श'चा जोर साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झपासून सुरू होतो, 'स'चा चार-पाच हजारांच्या वर. मिडीयम वेव्हवर 'स'चा बराचसा जीवच जातो. पुस्तकी मराठीत संदर्भावरून कळून जातं. पण अहिराणीत 'आहे' या अर्थी कुणी 'शे' म्हणतं, कुणी 'से' म्हणतं, आणि त्या एका अक्षरावरून बोलणारा कुठल्या बाजूचा ते ओळखता येतं. ट्रान्झिस्टरवर ते ओळखणं कठीण. बोलीचं गाव वाटेत गळायचं म्हणा ना.

म्हणून मिडीयम वेव्हसाठी मिक्स करताना दोन ते चार हजार हर्ट्झचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. व्यंजनं तिथे राहतात. तिथे हार्मोनियम कर्कश लागली किंवा झांज फार वाजली की शब्द मेला. यालाच आपण इक्वलायझेशन म्हणतो. लोकांना वाटतं इक्वलायझर म्हणजे आवाज गोड करायचं यंत्र. त्याचं मुख्य काम जागावाटपाचं आहे : हा पट्टा शब्दाचा, हा ढोलकीच्या थापेचा, हा डग्ग्याचा. एका जागेवर दोघे बसले की कुणाला तरी उठवायचं. नंतर धुळ्याला एफएम आलं, जळगावलाही एफएम केंद्रं आली. एफएमवर पंधरा हजार हर्ट्झपर्यंतचं पोचतं. 'स' परत आला. तोवर कार्यक्रमांतली बोली किती उरली होती, हा प्रश्न मात्र आहे, आणि तो एफएमच्या यंत्राला विचारून उपयोग नाही.

रेडिओच्या टेपांबद्दल एक सांगायला हवं. टेप महाग असे. जगभरच्या रेडिओंमध्ये कार्यक्रम झाला की टेप पुसून पुन्हा वापरायची रीत होती. मोठ्या नावांचं राहिलं, रोजचं गेलं. आणि भाषेच्या इतिहासाला नेमकं रोजचं हवं असतं.

मग कॅसेट आली आणि मागोमाग व्हिडिओ. इथे आपल्यातल्या बहुतेकांच्या घरातला पुरावा आहे. १९९० च्या दशकातली लग्नाची व्हीएचएस कॅसेट आठवा. हळद लागते आहे, बायका ओट्यावर बसून गातायत, तोंडं हलताना दिसतायत, आणि ऐकू काय येतं? सिनेमाचं गाणं. का? कारण त्या व्हीसीआरवर 'ऑडिओ डब' नावाची सोय होती, आणि ती वापरली की चित्र तसंच राहून त्याखालची आवाजाची पट्टी पूर्ण पुसली जाऊन नवी बसायची. मिसळणं नाहीच, सरळ पुसणं. लग्नघरालाही तेच हवं असायचं, कारण मूळ आवाजात मांडवाची गडबड, भांडी, पोरांचं रडणं. व्हिडिओवाल्याकडे दोन माईक आणि छोटा मिक्सर असता तर खाली गाणं, वर आजीचा आवाज, असं करता आलं असतं. खान्देशातल्या हळदीच्या गाण्यांचा एक फार मोठा साठा अशा रीतीनं, कुणाच्याही मनात वाईट नसताना, लोखंडी कपाटांत मुका होऊन बसला आहे.

धुळ्याहून आग्रा रोडनं खाली उतरलं की मालेगाव लागतं. जिल्हा नाशिकचा, पण तिथल्या बोलण्यात खान्देश मिसळलेला आहे. तिथे शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला, हाताशी असलेल्या व्हिडिओच्या सामानावर. मघाशी आपण राजकमलच्या मिक्सिंगचं बोललो, आणि हा त्याच सिनेमाचा गरीब भाऊ. तांत्रिक बाजूनं दोघांची तुलनाच नाही. पण मालेगावच्या माणसाला त्यात स्वतःच्या गल्लीची हिंदी ऐकू आली, आणि लोकांनी रांगा लावल्या. आवाज खरखरीत असला तरी चालतो, तो आपला असला पाहिजे, हे त्या प्रेक्षकांनी सांगून टाकलं.

आता गावातला साउंडवाला. त्याच्याबद्दल व्याख्यानांत कुणी बोलत नाही, आणि खान्देशात सगळ्यात जास्त मिक्सिंग त्यानंच केलंय. सारंगखेड्याची जत्रा, धुळ्याच्या एकवीरेची यात्रा, हरिनाम सप्ताह, प्रचारसभा, लग्नाचा बँड. त्याच्याकडे आहुजाची मशीन, चार माईकची चार बटणं, आणि सगळ्यांना मिळून एक बेस, एक ट्रेबल. दोन झाडांवर किंवा बल्ल्यांवर भोंगे. भोंगा खालचे सूर वाजवतच नाही, त्याचा जन्म शब्द लांब फेकण्यासाठी. आता माणसाचा आवाज घुमतोय म्हणून बेस कमी केला की त्याच बटणानं मृदंगही पातळ होतो. चार आवाजांना एकच इक्वलायझर असला की असंच होणार. तरी हुशार साउंडवाला काय करतो? मृदंगाचा माईक जवळ नेतो. माईक अगदी जवळ गेला की खालचे सूर आपोआप वाढतात, तो माईकचा गुणच आहे. बटणानं होत नाही ते अंतरानं करायचं. लताबाईंचीच युक्ती, सप्ताहाच्या मांडवात.

माईक शिट्टी मारतो तेव्हा काय होतं तेही सांगून टाकू. भोंग्यातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर येतो, असं चक्र लागतं. लोक बटण कमी करतात. खरा उपाय म्हणजे भोंगा माईकच्या पुढे, त्याच्याकडे पाठ करून बांधणं आणि बोलणाऱ्यानं माईकजवळ येणं. वक्ता हातभर लांब राहिला तर जगातली कुठलीही मशीन कमीच पडेल.

एक मत मांडू का? खान्देशातल्या सप्ताहांत 'इको'चं फार वेड आहे. अभंगाला थोडा इको शोभतो. पण कीर्तनकार निरूपण करतोय आणि प्रत्येक शब्दाच्या मागे तोच शब्द चार वेळा धावतोय, तर चौथ्या वाक्यापर्यंत सगळा काला होतो. बटण शेजारीच असतं. गाताना उघडा, बोलताना बंद करा.

बँडच्या गाड्यांवर कॅसिओ चढला, मग डीजेचे बेस आले, आणि मिक्सिंगची दिशाच बदलली. भोंग्याच्या काळात शब्द पुढे होता, डीजेच्या काळात चाळीस ते साठ हर्ट्झची धडक पुढे आली. ती कानापेक्षा छातीला जास्त कळते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात. मिरवणुकीत ते किती पाळले जातात हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण मिक्सिंगच्या विद्यार्थ्यानं एवढं लक्षात ठेवावं की सतत मोठा असलेला आवाज थोड्या वेळानं मोठा वाटत नाही. कान दमतो. दमलेल्या कानानं मिक्स करणारा आणखी वाढवत जातो. म्हणून तासाभरानं उठायचं, बाहेर फिरून यायचं, आणि मग ठरवायचं.

आजचा खान्देश मात्र आवाजाच्या बाबतीत कुणाच्या मागे नाही. 'हाई झुमकावाली पोर' हे अहिराणी गाणं यूट्यूबवरून निघालं आणि ज्यांना अहिराणीचा एक शब्द येत नाही तेही त्यावर नाचले. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांचं 'गुलाबी साडी' २०२४ साली देशभर वाजलं, संगीत जी-स्पार्क यांचं. घरच्या खोलीत, लॅपटॉपवर, जगभर ऐकला जाईल असा मिक्स होऊ शकतो, हे या पिढीनं दाखवलं. त्यांच्यापुढचा पेच नवा आहे. तेच गाणं हातातल्या फोनवर वाजणार, ज्याचा बारका स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच वाजवत नाही, आणि तेच गाणं लग्नात डीजेवर वाजणार. त्यामुळे बेसला वरचे स्वरांश जोडतात, म्हणजे फोनवर मूळ सूर ऐकू आला नाही तरी मेंदू तो भरून घेतो. शिवाय मिक्स एकदा मोनोमध्ये ऐकून बघतात, कारण फोन आणि भोंगा दोन्ही एकतोंडीच. आणि कितीही कर्कश भरलं तरी यूट्यूब ते उणे १४ एलयूएफएसच्या आसपास खाली आणतं, तेव्हा नुसतं मोठं करण्यात फायदा उरलेला नाही. शब्दाला जागा देणं पुन्हा परवडू लागलंय. अहिराणी गाण्यांच्या दृष्टीनं ही चांगली बातमी आहे.

आता दप्तराकडे परत येऊ. श्रावणात कानबाई बसते, आखाजीला झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात. ती म्हणणाऱ्या बायका अजून आहेत. फोन पुढे धरून आपण जे रेकॉर्ड करतो ते मिक्सच असतं, फोननं स्वतःच्या मर्जीनं केलेलं. तो मोठे आवाज दाबतो, मागचा गोंगाट काढायच्या नादात गाणाऱ्यांचे शेवटचे स्वरही कुरतडतो. त्याऐवजी चार माईकचा एक छोटा रेकॉर्डर घ्या. एक माईक पुढे गाणारीजवळ, एक मागे म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात, एक वाद्याजवळ, आणि एक लांब, अंगणाच्या टोकाला, नुसत्या जागेसाठी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रत्येक माईकचा ट्रॅक वेगळा. एका ट्रॅकला तासाला साधारण ५२० एमबी लागतात, चारांना दोन जीबी. ६४ जीबीच्या कार्डात तीस तास बसतात, म्हणजे सगळा कानबाईचा सण बसून वर जागा उरते. सुरुवातीला गाव, दिवस आणि गाणाऱ्यांची नावं त्यांच्याच तोंडून माईकवर घ्या, आणि कुठे काय प्रसिद्ध करायचं ते त्यांना विचारून. नंतर मिक्स हवे तेवढे करा. बीट घाला, नाचा. पण सुट्या फाईली बाजूला ठेवा, त्यांच्यावर इक्वलायझरही लावू नका.

एक प्रश्न नेहमी येतो, तो येण्याआधीच घेतो : मिसळलेलं आता वेगळं करता येतं म्हणतात, मग जुन्या कॅसेटांचं काय? येतं, काही प्रमाणात. २०२३ साली बीटल्सचं 'नाऊ अँड देन' निघालं ते याच तंत्रानं. जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवर आवाज आणि पियानो एकत्र होते, संगणकानं आवाज सुटा काढला. आपल्या पेटीतल्या कॅसेटवरही हे सॉफ्टवेअर चालवून बघण्यासारखं आहे, फुकटही मिळतं. फक्त ही सॉफ्टवेअरं शिकली आहेत ती ड्रम, बेस गिटार आणि एकट्या गायकाच्या गाण्यांवर. त्यांच्यापुढे पावरी ठेवली की ती तिला कधी माणसाचा आवाज समजतात, कधी गोंगाट समजून टाकून देतात, आणि पंधरा बायकांचा एकत्र सूर आला की त्यातून एक बाई बनवायला जातात. म्हणून सुटा काढलेला आवाज म्हणजे अंदाज, त्यावर तसं लिहून ठेवायचं, आणि मूळ कॅसेट पुसायची नाही. आधी तिची पूर्ण डिजिटल नक्कल करा. कॅसेट बरीच वर्षं हलवली नसेल तर वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, चिकटलेली फीत सुटते. हेड स्पिरिटनं पुसा. आणि हळदीची व्हीएचएस असेल तर तिला 'ऑडिओ डब' झालंय की नाही ते आधी ऐकून बघा. काही व्हिडिओवाल्यांनी शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांवर गाणं टाकायचा कंटाळा केलेला असतो. तेवढ्या तुकड्यात मांडवातला मूळ आवाज असू शकतो.